परस्पर संमतीने घटस्फोट : कायदा आणि गावाची जबाबदारी

पतिपत्नीचे पटेनासे झाले, की गावातील जाणती माणसे दोन्ही घरच्यांना एकत्र बसवितात. समेट झाला तर उत्तमच. न झाल्यास पुष्कळदा मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली जाते, पंच सह्या करतात आणि प्रकरण मिटले असे सर्वजण समजतात. पुढे त्या स्त्रीचा किंवा पुरुषाचा दुसरा विवाह होतो आणि खरी अडचण तेथून सुरू होते. कायद्याच्या दृष्टीने पहिला विवाह कायमच असल्याने दुसरा विवाह शून्यवत ठरतो व द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाचा गुन्हाही घडतो. पतीच्या पश्चात दुसऱ्या पत्नीला वारसाहक्क मागता येत नाही. सद्हेतूने केलेल्या पंचांच्या सह्या अशा वेळी उपयोगी पडत नाहीत.

रूढी आणि कायदा

हिंदू विवाह अधिनियम, 1955 हा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. काडीमोडीसारख्या रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाचा हक्क कलम 29 ने राखून ठेवला आहे. तथापि, अशी रूढी त्या समाजात पूर्वापार व अखंड चालत आली आहे, हे ती सांगणाऱ्यानेच सिद्ध करावे लागते. केवळ लेखी करारामुळे रूढी निर्माण होत नाही.

मूळ अधिनियमात परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद नव्हती. एका पक्षाला दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे. 1976 च्या दुरुस्तीने कलम 13-ब समाविष्ट झाले आणि परस्परांवर आरोप न करता सन्मानाने विभक्त होण्याचा मार्ग खुला झाला.

अर्जाची रीत

या कलमाखाली तीन गोष्टी आवश्यक आहेत : उभयता एक वर्ष किंवा अधिक काळ विभक्त राहत असावीत, त्यांना एकत्र नांदणे शक्य झालेले नसावे आणि विवाह संपुष्टात आणण्यास दोघांची संमती असावी. विभक्त राहणे म्हणजे निराळ्या घरात राहणेच नव्हे. एका छपराखाली राहूनही वैवाहिक संबंध उरलेले नसतील, तर ती विभक्तताच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये स्पष्ट केले.

दोघांनी मिळून अर्ज करावयाचा असतो. तो कुटुंब न्यायालयात आणि जेथे असे न्यायालय नाही तेथे जिल्हा न्यायालयात किंवा शासनाने अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात दाखल होतो. त्यानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा तीच मागणी करावी लागते. मधला काळ फेरविचारासाठी आहे. हुकूमनामा होईपर्यंत कोणत्याही पक्षास आपली संमती मागे घेता येते. समेटाचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले असतील, पोटगी व मुलांचा ताबा यांचा निकाल लागला असेल आणि पहिल्या अर्जापूर्वीच पुरेसा काळ लोटला असेल, तर न्यायालय सहा महिन्यांची अट शिथिल करू शकते, असा निर्णय 2017 मध्ये झाला.

संमती बळजबरीने, फसवणुकीने किंवा गैरवाजवी दडपणाने घेतलेली नाही, याची खात्री न्यायालय करते. माहेरची परिस्थिती बेताची असलेल्या स्त्रीच्या सहीमागे खरी इच्छा आहे की नाइलाज, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

तडजोडीत काय असावे

पत्नीच्या पोटगीची रक्कम व ती देण्याची मुदत, स्त्रीधन व भांडीकुंडी परत करणे, मुलांचा ताबा, त्यांना भेटण्याचे दिवस आणि शिक्षणाचा खर्च या बाबी स्पष्ट लिहाव्यात. मोघम शब्दांतून पुढे नवे वाद उद्भवतात. मुलाच्या पोटगीचा हक्क हा मुलाचा आहे. आईबापांनी तो आपसात सोडून दिला, तरी तो बुडत नाही.

पंचायत सदस्य व शिक्षक यांचे कार्य

1984 च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समेटाच्या प्रयत्नास प्रथम स्थान दिले आहे. त्यासाठी कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. गावातील वडीलधाऱ्यांनीही प्रथम दिलजमाईचाच प्रयत्न करावा. मात्र स्त्रीचे म्हणणे तिच्या तोंडून, शक्य तर एकांतात ऐकावे. मारहाण होत असेल तेथे नांदावयास जाण्याचा आग्रह धरू नये. घटस्फोट देण्याचा अधिकार पंचायतीस नाही, हे उभय पक्षांना आरंभीच सांगावे. ठरलेल्या अटींचे टिपण करून त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य विधी साहाय्य मिळू शकते.

विवाह मोडणे ही कोणासच आनंदाची गोष्ट नाही. परंतु तो मोडावयाचाच झाला, तर पुढील आयुष्य निर्वेध व्हावे इतकी दक्षता घेणे गावाच्या हाती आहे. सोडचिठ्ठीवर सही करण्यापूर्वी न्यायालयाची वाट दाखविणारा पंच दोन कुटुंबांचे भावी अनिष्ट टाळीत असतो.