दूर राहून एकत्र गाणे

दोन माणसे दोन गावी राहतात, तरी दोघांचे मिळून एक गाणे तयार होते. ते कसे, याची माहिती मी गोळा केली आहे. आमच्या वर्गाला तिची गरजच पडली. आमचा खंजिरीवाला मित्र दिवाळीनंतर आईबाबांच्या कामासाठी पुण्याला गेला. तुकडोजी महाराजांमुळे आपल्याकडे खंजिरी सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्यासारखा हात वर्गात दुसऱ्या कोणाचा नाही. आणि धाम नदीवर आम्ही रचलेले गाणे अर्धेच राहिले.

आजी म्हणे, "फोन लावा अन् गा दोघंही एकदम, त्यात काय हाय!" लावून पाहिला. ताल जमत नाही. का, ते गुरुजींनी सांगितले.

आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. गुरुजींनी एका मुलाला थाळी देऊन रस्त्यावर १७० मीटर दूर उभे केले. काठी थाळीवर पडलेली आधी दिसली, आवाज अर्ध्या सेकंदाने आला. सगळे हसले, पण खरंच तसं होतं, करून पाहा. वर्ध्याहून पुण्याला आवाज नुसता हवेतून जाऊ शकला असता, तर त्याला जवळजवळ अर्धा तास लागला असता!

फोन तसे करत नाही. तो आवाजाचे बारीक तुकडे करून आकड्यांत बदलतो आणि टॉवरकडे पाठवतो. पलीकडचा फोन ते पुन्हा जोडतो. हे फार लवकर होते, तरी कधी कधी पाव सेकंद जातो. बोलताना ते कळत नाही. पण भजनाची लय मिनिटाला १२० ठोके असली, तर दोन ठोक्यांत अर्धाच सेकंद असतो. म्हणजे उशिरा आलेली थाप बरोब्बर मधात पडते. मग आपण त्याच्यासाठी थांबतो, तो आपल्यासाठी थांबतो, आणि गाणं चढावरच्या बैलगाडीसारखं होते.

म्हणून एकदम गायचेच नाही. आधी एकाने पेटीचा सूर आणि नुसता ठेका भरायचा. तो सगळ्यांना पाठवायचा. प्रत्येकाने तो एका फोनवर कानात ऐकत गायचे आणि दुसऱ्या फोनवर फक्त आपला आवाज भरायचा. सुरुवातीला ठरलेल्या ठोक्यावर एक टाळी द्यायची. मग संगणकावर सगळ्यांच्या टाळ्या एकाखाली एक जुळवल्या की गाणे जुळते.

अमेरिकेतले संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० साली १२ देशांतल्या १८५ गायकांचे गाणे असेच जोडले. २०२० साली तर १२९ देशांतले १७,५७२ जण गायले. आपल्या बाजूची चार गावं मिळूनही इतकी माणसं होत नसतील. त्याच वर्षी टाळेबंदीत आपल्या देशातल्या दोनशेहून अधिक गायकांनी घरूनच 'जयतु जयतु भारतम्' हे गाणे भरले. चाल शंकर महादेवन यांची होती. आशा भोसलेही त्यात होत्या.

पण जोडणारा जाणकार पाहिजे. गुरुजींच्या ओळखीचे एक संगीत शिक्षक वर्ध्याला राहतात. ते आमचे आवाज वेगवेगळे ऐकतात. वर्गात एकत्र गाताना ज्याचा सूर लपून जातो, त्याचाही इथे सापडतो. मला तर याची भीतीच वाटली. त्यांनी कळवले, "दुसरे कडवे धावते, श्वास आधी घ्या." शाळेतल्या गाण्यात हे आजवर कोणी सांगितले नव्हते, कारण ऐकूच येत नव्हते.

रविवारी पुण्याहून खंजिरी आली. आम्ही ती सात वेळा ऐकली. मागे कुकरची शिट्टी आहे. शिट्टी आणि थाप एकाच वेळी असल्यामुळे ती काढता येत नाही, असे शिक्षक म्हणाले. म्हणून तो पहाटे उठून पुन्हा वाजवणार आहे. तेव्हा खोलीत सगळे झोपलेले असतात, म्हणून तो गच्चीवर जाणार.

आता आमच्या बाजूचे पाच आवाज राहिले आहेत. वर्गात कानात घालायची वायर एकच आहे. पालकांपैकी कोणाकडे असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर द्यावी. बिनवायरची चालत नाही, तिच्यातही आवाज थोडा उशिरा येतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी