कोल्ड रूमचं लाइट बिल शेतातच ठरतं



*आजचा विषय: स्ट्रॉबेरीचं प्रीकूलिंग आणि विजेचा खर्च*

फेब्रुवारी लागला की आपल्याकडे दुपारचं ऊन चटकायला लागतं. बोरगाव, घोडांबे, हातगड भागात तोडा चालू असतो आणि त्याच वेळी कोल्ड रूमचं मीटरही जोरात पळतं. बिल कंपनी भरते असं आपण म्हणतो, पण कंपनी म्हणजे आपणच. ते पैसे किलोमागे कूलिंग चार्ज म्हणून शेवटी आपल्याच पट्टीतून जातात. म्हणून हा मेसेज जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. घरात तोडणी करणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवा.

*१) मशीन नक्की काय करतं?*

कोल्ड रूम थंडी तयार करत नाही. ती आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. विहिरीतलं पाणी मोटार वर ओढते, तसंच हे काम आहे. पाणी जास्त तर मोटार जास्त वेळ चालणार. इथे उष्णता जास्त तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालणार.

मशीन २ टनाचं, ५ टनाचं असं आपण बोलतो. तो टन मालाचा नाही. जुन्या काळी बर्फाने थंड करायचे, तेव्हाचं ते माप आहे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ताकद म्हणजे १ टन. आजच्या मापात साधारण ३.५ किलोवॅट.

*२) सकाळचा माल आणि दुपारचा माल: हिशोब*

एक किलो स्ट्रॉबेरी एक अंशाने थंड करायला साधारण ४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. आता १,००० किलो माल २ अंशांवर आणायचा आहे असं धरा.

👉 दुपारी तोडलेला, फळ ३० अंशांवर: काढायची उष्णता सुमारे ३१ युनिटइतकी
👉 सकाळी तोडलेला, फळ १८ अंशांवर: काढायची उष्णता सुमारे १८ युनिटइतकी

चांगल्या स्थितीतलं मशीन १ युनिट वीज खाऊन साधारण अडीच युनिट उष्णता बाहेर टाकतं असं धरलं, तर दुपारच्या मालाला १२ ते १३ युनिट वीज लागते आणि सकाळच्या मालाला ७.

तुम्ही म्हणाल, पाच-सहा युनिटचं काय एवढं? बरोबर आहे. खरा तोटा वेळेचा आहे. २ टनाच्या मशीनला सकाळचा माल थंड करायला कमीत कमी अडीच तास लागतात, दुपारच्या मालाला साडेचार तास. हे सगळं नीट चाललं तर. मध्ये लाइट गेली, दार उघडं राहिलं, तर संध्याकाळी गाडी भरायच्या वेळी फळ आतून कोमटच असतं. असा माल नाशिकला किंवा सुरतला पोहोचेपर्यंत मऊ पडतो, पाणी सोडतो. म्हणजे विजेचे पैसेही गेले आणि भावही गेला.

शिवाय फळ तोडल्यावरही जिवंत असतं, श्वास घेतं आणि स्वतः उष्णता सोडतं. गरम फळ थंड फळापेक्षा कितीतरी पट जोरात श्वास घेतं. म्हणून तोडणीपासून एका तासाच्या आत माल थंड व्हायला लागला पाहिजे.

आपल्यापैकी बरेच जण दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जाऊन आलेत. एक्स्पोर्टचा माल तिथे सकाळी काढतात, क्रेट उन्हात ठेवू देत नाहीत, लगेच पॅकहाऊसला नेतात. कारण हेच आहे.

*३) शेतात काय करायचं*

• दव सुकलं की लगेच तोडणी सुरू करा आणि ऊन तापायच्या आत संपवा. ओलं फळ तोडू नका, बुरशी धरते. रात्रीची थंडी फुकट मिळते, ती फळात असतानाच माल आणा.
• भरलेला क्रेट बांधावर उन्हात नको. झाडाखाली किंवा शेडनेटखाली ठेवा. वरून पांढरं स्वच्छ कापड टाका. काळा प्लास्टिक कागद टाकू नका, आतला माल तापतो.
• सगळा तोडा संपायची वाट पाहू नका. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून पहिली खेप लवकर पाठवा.
• फळ धुऊ नका.

ज्यांचं शेत लांब आहे त्यांनी बांधावर *शून्य ऊर्जा शीतकक्ष* बांधावा. दिल्लीच्या पुसा संस्थेने तयार केलेली ही सोपी पद्धत आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये ७.५ सेंटीमीटर फट, फटीत वाळू, आणि वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने ओली ठेवायची. माठातलं पाणी थंड होतं तसंच हे. साधारण १६५ बाय ११५ सेंटीमीटर जागा आणि ६७.५ सेंटीमीटर उंची पुरते. कोरड्या हवेत चांगलं काम करतं. स्ट्रॉबेरीसाठी ही जागा फक्त गाडी येईपर्यंतची आहे. फळावर पाणी पडू देऊ नका.

*४) कोल्ड रूमवर काय पाळायचं*

• *दार.* दार उघडलं की गरम दमट हवा आत जाते. त्यातलं पाणी आतल्या कॉइलवर बर्फ होऊन बसतं. बर्फाची गोधडी पांघरलेली कॉइल उष्णता ओढत नाही. मग तो बर्फ वितळवायला वेगळी वीज, आणि त्याची उष्णता काढायला पुन्हा वीज. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सुतळीने बाजूला बांधून ठेवलेला मी दोनदा पाहिलाय. कृपया बांधू नका.
• *रचणी.* क्रेट भिंतीला चिकटवू नका, पंख्यासमोर आडवे लावू नका. मधून हवा फिरली नाही तर मधला माल गरमच राहतो.
• *आंबा-टोमॅटो.* मे महिन्यात विचारणा होते म्हणून आत्ताच सांगतो. स्ट्रॉबेरीला ० ते १ अंश चालतं, आंब्याला १३ च्या आसपास. एका खोलीत दोन्ही ठेवले तर आंबा काळा पडतो.
• *लाइट गेली तर* दार उघडून बघू नका. बंद खोली बराच वेळ थंडी धरून ठेवते.

*५) माझी चूक*

गेल्या हंगामात गाडी लवकर भरायची होती म्हणून मी सेटिंग १ अंशावरून उणे ३ वर नेलं. वाटलं, लवकर थंड होईल. तसं होत नाही. मशीनची ताकद तेवढीच राहते, ते फक्त जास्त वेळ चालतं. माल काही लवकर निघाला नाही, उलट पंख्याजवळचे क्रेट गोठले. स्ट्रॉबेरी शून्याच्या जरा खाली गेली की गोठते, आणि गोठलेलं फळ सुटल्यावर लगदा होतो. ज्यांचा माल होता त्यांना मी तोंड कसं दाखवलं ते मलाच माहीत. तेव्हापासून सेटिंगला मी हात लावत नाही. तुम्हीही लावू नका, कुणी सांगितलं तरी.

*६) आता हिशोब सगळ्यांसमोर*

खोली रिकामी असली तरी भिंतीतून उष्णता आत येतच राहते, पंखे चालतच राहतात. म्हणून पाच क्रेटसाठी चालू ठेवलेली खोली किलोमागे सगळ्यात महाग पडते. नुसतं बिल बघून काही कळत नाही. बघायचं ते *किलोमागे किती युनिट* लागले ते.

सोमवारपासून कोल्ड रूमच्या दाराशी वही राहील. सकाळ-संध्याकाळ मीटरचं रीडिंग, आलेला माल किलोत, आणि माल आला ती वेळ. दर सोमवारी तो आकडा या ग्रुपवर टाकू. बाहेरच्या कंडेन्सरवर रस्त्याची लाल धूळ आणि भुसा बसतो, तो दर आठवड्याला साफ करायचं काम माझं. नाही केलं तर ग्रुपवरच विचारा.

*तुमचं काम एवढंच:* उद्या क्रेट उतरवताना मधल्या क्रेटमधलं एक फळ हातात धरून बघा. गार लागलं तर तुम्ही वेळेत आलात. कोमट लागलं तर परवा तासभर आधी निघा.

शंका असेल तर व्हॉइस मेसेज टाका, संध्याकाळी ७ नंतर उत्तर देतो.

आपला,
कृषी सल्लागार, सुरगाणा