तक्त्यातून गळालेली सूचना

रात्रपाळीच्या सहकाऱ्यांसाठी मी मार्कडाउनमध्ये तीन रकान्यांचा तक्ता केला होता: काम, कमांड, खबरदारी. जुन्या लॉग फायली शोधून पुसणाऱ्या कमांडपुढे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘महिनाअखेरीस चालवू नका.’ एकतीस तारखेच्या रात्री एकाने ती चालवली आणि हिशेबतपासणीला हवे असलेले लॉग गेले. त्याचा काही दोष नव्हता. पानावर ती सूचना नव्हतीच.

कमांडमध्ये एक उभी रेघ (|) होती, पहिल्या कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी. मार्कडाउनच्या तक्त्यात नेमकी हीच रेघ रकाने पाडते. गिटहबच्या नियमांत कमांड बॅकटिकमध्ये घातली तरी ती सुटत नाही. माझ्या कमांडचे दोन तुकडे झाले, दुसरा खबरदारीच्या रकान्यात सरकला आणि सूचना चौथ्या रकान्यात ढकलली गेली. शीर्षकाच्या ओळीत रकाने तीनच, त्यामुळे चौथा गुपचूप गाळला गेला. चूक झाल्याची खूणही कुठे उमटली नाही. रेघेच्या आधी एक उलटी तिरपी रेघ (\|) दिली असती, तर हे टळलं असतं.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं, तेव्हा त्यात तक्ते नव्हतेच. ते पुढे वेगवेगळ्या विस्तारांतून आले, म्हणून नियमही साधनागणिक बदलतात. तेव्हा जिथे वाचलं जाणार, तिथेच उघडून बघा आणि प्रत्येक ओळीतला शेवटचा रकाना वाचा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. सर्व्हर या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ताराचिन्हं देऊन पुढे ‘ला’ जोडला, तर शब्द ठळक होतो. __सर्व्हर__ला लिहिलं तर अंडरस्कोर तसेच छापले जातात. शब्द अवतरणचिन्हांत असेल आणि तारे त्या चिन्हांच्या बाहेर, ‘ला’च्या आधी, तर ताराचिन्हंही हरतात, कारण अवतरणचिन्हाला लागून आलेले तारे पुढे लगेच अक्षर असेल तर बंद होत नाहीत. अशा वेळी मी प्रत्ययही ताऱ्यांच्या आत घेतो. ताऱ्यांच्या आतल्या बाजूला मोकळी जागा सोडली, तरीही ठळकपणा जातो.

रकान्यात यादी किंवा कोडचा ठोकळा बसत नाही. ओळ मोडायला बीआर टॅग लागतो. म्हणून लांब कमांड आता मी तक्त्यात ठेवतच नाही. तक्त्यात फक्त तिचा क्रमांक असतो, कमांड खाली वेगळ्या ठोकळ्यात. खबरदारीचा रकाना मी कामाच्या लगेच शेजारी, दुसरा घेतला आहे.