हात थरथरतो, म्हणजे कंपवातच का?

साठीच्या पुढच्या माणसाचा हात थरथरू लागला की घरच्यांना पहिली शंका येते ती कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची. पण प्रत्येक थरथर कंपवाताची नसते, आणि कंपवाताच्या काही रुग्णांचा हात थरथरतही नाही.

कंपवातात थरथर बहुधा एकाच बाजूला सुरू होते. हात मांडीवर स्वस्थ असताना ती दिसते, काही उचलायला गेलं की कमी होते. याउलट चहाचा कप तोंडाशी नेताना दोन्ही हात कापत असतील, मान किंवा आवाजही कापत असेल, आई-वडिलांनाही तसंच होत असेल, तर तो बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’ असतो. त्याचे उपचार वेगळे.

निदान करताना आम्ही डॉक्टर थरथरीपेक्षा हालचालींचा मंदपणा शोधतो. बटणं लावायला वेळ लागणं, अक्षर बारीक होत जाणं, चालताना एक हात न हलणं, अंग ताठरणं. हे सारं तपासूनच कळतं. एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. तो दुसरी कारणं वगळण्यासाठी करतात. कंपवातावरच्या लेव्होडोपा या औषधाच्या योग्य मात्रेने हालचाली स्पष्टपणे सुधारल्या, तर निदानाला बळकटी मिळते.

एक कारण मात्र वारंवार नजरेतून सुटतं: औषधं. पित्त-गॅससाठीच्या काही कॅप्सुलांमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. चक्करवरची सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात. ज्येष्ठांना हा धोका जास्त. औषध वेळीच थांबवलं तर बहुतेकांची लक्षणं ओसरतात, पण त्याला काही आठवडे ते महिने लागतात. अशा वेळी जुनी गोळी तशीच ठेवून कंपवाताची नवी गोळी सुरू होणं ही रुग्णाची मोठी हानी आहे.

पहिल्या वर्षातच वारंवार पडणं, उभं राहताच रक्तदाब उतरणं, लघवीवरचा ताबा जाणं किंवा सुरुवातीलाच विस्मरण होणं ही चिन्हं दुसऱ्या आजाराकडे बोट दाखवतात. ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. चाळिशीच्या आत लक्षणं दिसली, तर शरीरात तांबं साठणाऱ्या विल्सन्स आजारासाठी तांब्याच्या तपासण्या करायलाच हव्यात.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.