भिंतीवरचा डोंगर कोरलेला की चिकटवलेला?

प्रश्न : एका नातेवाइकांच्या घरी भिंतीवर सह्याद्रीतल्या किल्ल्याचं लाकडी चित्र पाहिलं. लांबून कोरीव काम वाटलं, जवळ गेल्यावर कडांना पायऱ्या दिसल्या. हे कोरतात की पातळ फळ्या एकावर एक चिकटवतात? जेमतेम अर्ध्या इंचात एवढी खोली कशी दिसते? आणि मशीन नसताना घरी जमेल का?
— एक वाचक, सांगली

चिकटवतात. कोरीव कामात जाड ठोकळ्यातून नको तेवढं काढून टाकतात. इथे तीन-चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे किंवा एमडीएफचे वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून एकावर एक बसवतात. त्यात दोन तऱ्हा आहेत. एकीत तळाचा थर सर्वांत मोठा आणि वर जावं तसा प्रत्येक थर लहान. डोंगर-किल्ले असे होतात. दुसरीत सगळ्यात पुढच्या थराला मोठी खिडकी, मागच्यांना क्रमाने लहान, म्हणजे नजर आत उतरत जाते. तळी, दऱ्या आणि बाजारात सध्या जिथेतिथे दिसणारी मंडलं या दुसऱ्या तऱ्हेची.

तुमच्या तीन प्रश्नांतला मधला मला सर्वांत आवडला. खोली दिसते ती लाकडाच्या जाडीमुळे कमी आणि सावलीमुळे जास्त. प्रत्येक थराची कड खालच्या थरावर बारीक सावली टाकते. प्रकाश वरून येतो असं आपला मेंदू धरून चालतो. म्हणून वरची कड उजळ आणि खालची काळी दिसली की ‘हे पुढे आलेलं आहे’ असा निकाल तो विचार करायच्या आतच देऊन टाकतो. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरून पाहा, खड्ड्यांच्या टेकड्या होतात. तेच लाकडी चित्र अगदी समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसतं आणि खिडकीलगतच्या भिंतीवर, तिरप्या उजेडात, उठून येतं. जाणता कारागीर खोली वाढवायला थर वाढवत बसत नाही. तो दोन थरांच्या मधे, दिसणार नाहीत असे प्लायचे छोटे तुकडे टेकू म्हणून चिकटवतो. तीन मिलिमीटरचा थर आणखी तीन मिलिमीटर उचलला की सावली दुप्पट रुंद पडते.

सावली रंगवूनही दाखवता येते, आणि लाकडात ते काम कळसाला पोचलं होतं. इटलीतल्या गुब्बिओ इथल्या राजवाड्यात फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो या सरदारासाठी १४७८ ते १४८२च्या सुमारास एक छोटी अभ्यासिका केली गेली. तिच्या भिंतींवर अर्धवट उघडी जाळीदार कपाटं, आत पुस्तकं, वाद्यं, उपकरणं आहेत. हात लावला तर सगळं सपाट. अक्रोड, ओक, बीच अशा निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे हजारो तुकडे शेजारी शेजारी जडवलेले. ही अभ्यासिका आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिथली सावली कारागिराने एकदा ठरवली ती ठरवली. थरांच्या चित्रात ती सकाळी एकीकडे असते, संध्याकाळी दुसरीकडे.

आता तुमचा किल्ला. तो बहुधा भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांवरून, म्हणजे नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, कापलेला असणार. एकेक रेषा म्हणजे एकेका थराची कड. ही युक्ती जुनी आहे : १८९२ साली अमेरिकेत जे. ई. ब्लांथर यांनी या रेषांवर मेणाचे पातळ पत्रे कापून, रचून, त्यावरून उठावाचे नकाशे करण्याचं पेटंट घेतलं. थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास सांगणारे काही जण आज त्यांच्यापासून सुरुवात करतात.

आकडेमोड मात्र कागदावर करून घ्या, नाहीतर फसगत होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात साधारणपणे दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. त्या प्रमाणात २० मीटर म्हणजे फक्त ०.४ मिलिमीटर. दर रेषेला ३ मिलिमीटरचं प्लाय लावलंत तर डोंगर साडेसात पट उंच होईल आणि रायगडाचा सुळका बनेल. त्याऐवजी नकाशा १ : २०,००० इतका मोठा करा. आठ किलोमीटरचा मुलूख ४० सेंटिमीटरवर येतो, ३ मिलिमीटर म्हणजे ६० मीटर होतात, म्हणून दर तिसरी रेषाच घ्यायची. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड तेरा-चौदा थरांत, खऱ्या प्रमाणात उभा राहतो. पण त्याची जाडी चार सेंटिमीटर भरते. तुम्ही पाहिलेला अर्ध्या इंचाचा किल्ला म्हणजे फार तर चार थर. चौदातले दहा थर करणाऱ्याने गाळलेत आणि तरीही तुम्हाला तो किल्ला वाटला! या कलेतली खरी कसोटी इथे लागते. माथा, माथ्याखालचा कडा, माची आणि पायथा एवढंच ठेवलं तर गड ओळखू येतो. उंचीचे चार सारखे भाग पाडून तेच थर कापले तर उरतो निव्वळ एक ढिगारा.

आणि सह्याद्री या कामाला जन्मतःच अनुकूल आहे. तो लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या आडव्या थरांचा बनलेला. कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर झिजून उतार झाले. डोंगरच पायऱ्यांचा, त्यामुळे लाकडातल्या पायऱ्या खटकत नाहीत. निलगिरीची गोल टेकाडं अशी कापली की लगेच खोटी वाटतात. अडचण येते ती उभ्या कड्यावर. तिथे नकाशातल्या रेषा एकमेकींना चिकटतात, सगळे थर एकाच जागी संपतात आणि पायरी उरतच नाही. काही जण प्रत्येक थर दिसावा म्हणून रेषा बाहेर सरकवतात. मला हे पटत नाही. रायगडाचा टकमक टोकाचा कडा सरळ खाली गेलेलाच दिसला पाहिजे, भले चार कडांची मिळून एकच भिंत होवो.

कापण्याचं काम आता बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड लेझर करतो. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ज्यांनी शोधला ते चंद्रकुमार पटेल जन्माने बारामतीचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. त्या लेझरची १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीची, डोळ्यांना न दिसणारी किरणं लाकूड सहज शोषून घेतं आणि त्या रेघेवर जळून जातं. म्हणून कड करपून तपकिरी होते. काहींना ती आवडते, सावली तिने गडद होते. मला मात्र ती सगळीकडे सारखीच दिसते, डोंगराला पेनाने गिरवल्यासारखी. बारीक पॉलिश पेपरने थोडी घासून घ्यावी. लेझरवाल्याकडे जाताना मरीन प्लाय नेऊ नका. त्यातला पाण्याला न जुमानणारा गोंद लेझरलाही दाद देत नाही. साधं कमर्शियल प्लाय बरं, फक्त कड बघून घ्या, आत पोकळ्या असलेलं नको. आणि सनबोर्ड नावाने मिळणारा पीव्हीसीचा फोम चुकूनही लेझरखाली घालू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.

घरी जमेल का? जमेल, फ्रेटसॉने. यू आकाराची चौकट, तिच्यात ताणून बसवलेलं अगदी बारीक पातं. पात्याचे दात मुठीकडे हवेत, म्हणजे करवत खाली ओढताना कापते. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच असलेली फळी घट्ट बसवा, त्या खाचेवर प्लाय धरा, करवत एकाच जागी खालीवर चालू ठेवा आणि वळणावर प्लाय फिरवा. नवशिके करवत फिरवतात, पातं तुटतं. आतली खिडकी कापायची असेल तर आधी ड्रिलने भोक पाडून, पात्याचं एक टोक सोडवून ते भोकातून ओवायचं. एमडीएफ घासत असाल तर मास्क लावाच, त्याची धूळ फार बारीक असते. पहिल्या चित्राला चार थर पुरे.

रंग आधी आणि फेविकॉल नंतर. उलट केलंत तर कडेबाहेर आलेला फेविकॉल लाकडाची छिद्रं बुजवतो आणि तेवढ्या जागी पॉलिश चढत नाही. मात्र जिथे थर चिकटायचा ती जागा कोरी ठेवा. फेविकॉलला रंग नको, लाकूड हवं. तो कडेपासून थोडा आत, पातळच पसरा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. मागच्या बाजूलाही पॉलिशचा हात द्या. एकाच बाजूने दमट हवा शोषली गेली की पावसाळ्यात चित्र धनुष्यासारखं वाकतं.

प्रश्न : या कामाला प्लायच का वापरतात? आमच्याकडे जुन्या घराच्या सागवानी फळ्या पडून आहेत, त्या पातळ करून चालतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. ओल्याचं पूर्ण सुकेपर्यंत तंतूंच्या दिशेने ते जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के बदलतं. तंतूंना आडव्या दिशेने त्याच्या कितीतरी पट. प्लायमध्ये एका थराचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, त्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात. इजिप्तमध्ये सक्कारा इथे तिसऱ्या राजवंशाच्या काळातल्या शवपेटीचा सहा थरांचा लाकडी भाग सापडलाय, त्यातही हीच उभी-आडवी मांडणी. अर्थात तिथले थर लाकडी खुंट्यांनी जोडलेले होते.

तुमचं सागवान चालेल. जुनं, मुरलेलं सागवान इतर लाकडांच्या मानाने कमीच हलतं, पण रत्नागिरीचा पावसाळा त्याला हलवणार. सगळ्या थरांचे तंतू एकाच दिशेला ठेवा, म्हणजे फुगले तरी सगळे एकत्र फुगतील. एक थर उभा, एक आडवा असं घन लाकडात करू नका. तिथे ते थर एकमेकांना ओढतात आणि फळी फाटते. रुंद थराला पूर्ण फेविकॉल फासायचा नाही. मधोमध, तंतूंच्या दिशेने एक पट्टा पुरतो, दोन्ही कडा मोकळ्या राहू द्या. फळ्या रंधा मशीनवर पातळ करून मिळतील, फक्त आधी एकूणएक खिळा उपटून घ्या. आत राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं मोडतो, आणि त्याचे पैसे मशीनवाला तुमच्याकडूनच घेणार.