फॉरमॅट मागणारं कार्ड

प्रश्न : दिवाळीत शेजारच्या गुड्यात (गोंड वस्तीत) दंडारी (नाचणाऱ्यांचं पथक) आली, तेव्हा कॅमेऱ्यावर घुसाडी नाच आणि एका वृद्ध घुसाडी नर्तकांची मुलाखत टिपली होती. ते आता हयात नाहीत. कार्ड लॅपटॉपला लावलं की ‘आधी फॉरमॅट करा’ असं येतं. एक दुकानदार म्हणतो सगळं गेलं. दुसरा म्हणतो, फॉरमॅट करा, मग काढून देतो. खरं काय?
— एक वाचक, उटनूर (जि. आदिलाबाद)

उत्तर : फॉरमॅट करू नका. कार्ड काढून ठेवा आणि त्या कॅमेऱ्यात पुन्हा घालू नका. सगळं गेलं असं कार्ड न तपासता म्हणणं घाईचं आहे.

कार्डावर दोन गोष्टी असतात : प्रत्यक्ष चित्रण, आणि कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही. ‘फॉरमॅट करा’ असं येतं तेव्हा बहुधा ही नोंदवही वाचता येत नसते. फाइल पुसतानाही हेच होतं. जुन्या फॅट पद्धतीत नावाचं पहिलं अक्षर बदलून ती जागा ‘रिकामी’ ठरवली जाते. मजकूर तिथेच पडून असतो. तो खरा जातो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेल्यावर. म्हणून नंतर काढलेला एखादा फोटोही घातक ठरू शकतो. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून फॉरमॅट केलं, तर विस्टापासून पुढे अख्ख्या कार्डावर शून्यं लिहिली जातात. मग काहीच हाती लागत नाही.

फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर नोंदवहीकडे पाहतच नाही. प्रत्येक जेपेग फोटो ‘एफएफ डी८’ या दोन बाइटांनी सुरू होतो आणि ‘एफएफ डी९’ने संपतो, अशा खुणा हुडकत ते फायली उचलतं. फायलींची नावं हरवतात, फोटो मिळतात. व्हिडिओचं काम अवघड असतं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका कॅमेरे सहसा चित्रण थांबवल्यावर, शेवटी लिहितात. मुलाखत चालू असताना बॅटरी संपली असेल, तर चित्र आहे पण प्लेअरला ते उलगडता येत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगमध्ये काढलेला दुसरा धड व्हिडिओ उपयोगी पडतो. त्याच्या रचनेवरून तुटलेला जोडता येतो. तसा एखादा असेल तर जपून ठेवा.

कार्ड रिकामं असताना सलग चित्रण केलं असेल, तर माहिती विखुरलेली नसते आणि आशा अधिक. एक उदाहरण पाहा. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान कोसळलं. त्यातली एक हार्ड डिस्क काही महिन्यांनी टेक्ससमध्ये सापडली, बाहेरून वितळलेली. तरीही तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली आणि तिच्यावर नोंदवलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आतल्या तबकड्या वाकल्या नव्हत्या हे एक कारण. दुसरं, डॉस प्रणालीने माहिती विखरून ठेवली नव्हती.

मात्र कार्ड कपाटात ठेवून ‘पुढे कधीतरी पाहू’ म्हणू नका. तुमच्याच जिल्ह्यात, नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली, प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती जगापुढे आणली, आणि २०१८ साली ती लिपी युनिकोडमध्ये आली. कागद वर्षानुवर्षं घरात पडून राहिला तरी वाचता आला. कार्डाचं तसं नाही. कार्डात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. वीज न मिळता तो हळूहळू गळत जातो. २०२१ साली पद्मश्री मिळालेले मार्लवाईचे घुसाडी कलावंत कनक राजू २०२४ मध्ये गेले. या पिढीचे आवाज पुन्हा टिपता येणार नाहीत, म्हणून मला तुमच्या कार्डाची काळजी वाटते.

चित्रण मोबाइलच्या आतल्या मेमरीत असतं तर उत्तर वेगळं असतं. तिथे माहिती कूटबद्ध असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच साफ करतो. तिथली पुसलेली फाइल बहुधा परत येत नाही.

आता दुकानाचं. कार्ड लॅपटॉपला दिसतच नसेल किंवा हातात तापत असेल, तर घरी खटपट नको; चिप थेट वाचणारी प्रयोगशाळा लागेल, आणि ते काम महाग असतं. दिसत असेल, तर पहिलं काम एकच : अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढायची. डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी धड भाग उचलतं, मग खराब भागाकडे वळतं. पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतीवर करायची, आणि मिळालेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या, त्याच कार्डावर कधीच नाही. जो दुकानदार आधी इमेज काढतो म्हणेल, त्याच्याकडे द्या. काही मिळालं नाही तरी कार्ड फॉरमॅट न करता परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.