कॅलेंडर घरी आणताना

हे बघ, स्वतःचा सर्व्हर घेतलास ते फार छान केलंस. पण त्यावर नेक्स्टक्लाउड टाकते म्हणालीस तेव्हाच तुला थांबवावंसं वाटलं. फायली, फोटो सगळंच ठेवायचं असेल, ब्राउझरमध्ये महिना उघडून बघायचा असेल, तर ते घाल. तुला हवंय नुसतं कॅलेंडर, तेही फोनवर. मग एवढ्या पसाऱ्याची देखभाल कशाला अंगावर घेतेस? बायकल हा छोटासा कॅलेंडर-सर्व्हर घे. पीएचपीवर चालतं, नोंदी एसक्यूलाइटच्या एका फाईलमध्ये राहतात. त्याच्या पानावर फक्त खात्यांचा कारभार असतो, महिना दिसतो तो फोनच्या नेहमीच्याच कॅलेंडरात. फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती कॅलडॅव्हची भाषा आयफोनला मुळातच येते, अँड्रॉइडवर डॅव्हएक्स-फाइव्ह हे ॲप लागतं.

एक मात्र माझ्यासाठी नक्की कर. वेब सर्व्हरला आतला 'एचटीएमएल' फोल्डर तेवढाच दाखव, अख्खं बायकल नको. नोंदींची फाईल शेजारच्या 'स्पेसिफिक' फोल्डरमध्ये असते. कोण कधी बाहेरगावी, कुणाची कुठली तपासणी, सगळं त्यात असतं गं. ते उघड्यावर पडता कामा नये. आणि एचटीटीपीएसशिवाय पासवर्ड टाकूच नकोस. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

अ‍ॅडमिनच्या पासवर्डने फोन जोडायला जाऊ नकोस, जोडला जाणार नाही. कॅलेंडरची खाती वेगळी काढावी लागतात. 'घर' नावाचं एकच काढ आणि तेच आईच्या, माझ्या, तुझ्या फोनवर घाल.

आईच्या रविवारच्या फोनची नोंद करशील तेव्हा टाइमझोन 'आशिया/कोलकाता' निवड. तुझ्या न्यू जर्सीत घड्याळ मार्चमध्ये पुढे जातं, नोव्हेंबरमध्ये मागे येतं. आईचे रात्रीचे 8 म्हणजे उन्हाळ्यात तुझे सकाळचे 10:30, थंडीत 9:30. नोंद इकडच्या वेळेला बांधलेली असली की तुझा फोन हा फरक आपणहून सांभाळतो. तुझ्या वेळेला बांधलीस तर थंडीत आई तासभर वाट बघत बसेल. ती भिंतीवरचं घड्याळ बघते, फोन नाही.

आजीच्या तिथीला 'दरवर्षी' लावू नकोस. ते तारीख धरून चालतं, आणि तिथी तर दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. नवं पंचांग आलं की मी एका दुपारी बसून वर्षभराच्या तिथी 'घर'मध्ये भरेन, तुला आपोआप दिसतील.

आता बॅकअप. 'स्पेसिफिक' आणि 'कॉन्फिग' हे दोन्ही फोल्डर दुसरीकडे ठेवायचेच. माझ्या रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड एका रात्रीत गेलं आणि बाबांच्या तपासण्यांच्या जुन्या नोंदी गेल्या. डॉक्टरांनी मागचा महिना विचारला तेव्हा मला सांगता आलं नाही. ते अजून मनात आहे. तुझ्याकडे दुसरी डिस्क आहे का? नसेल तर माझ्या सर्व्हरवर जागा ठेवते, रोज रात्री इकडे पाठवत जा.